दोन पेट्यांचं एकच नाव

सोमवारी सकाळी सव्वादहा वाजता दवाखान्याच्या भिंतीतून मावशी बोलू लागल्या, तेव्हा डॉक्टरांचे दोन्ही हात एका पेशंटच्या तोंडात होते.

"ताई, ऐकतेस ना?" मावशी म्हणाल्या. "तुझा निरोप मिळाला. तू त्या दुसऱ्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे जातेस ते उत्तम करतेस. पण जावईबापूंना कळलं तर काय करशील?"

जावईबापू, म्हणजे स्वतः डॉक्टर, जागच्या जागी थिजले. मावशी म्हणजे त्यांच्या सासूबाईंची धाकटी बहीण, आणि राहायला दोनशे किलोमीटरवर. त्यांचा आवाज खुर्चीच्या वर टांगलेल्या स्पीकरमधून येत होता. तसाच दुसरा स्पीकर बाहेर होता, जिथे चार पेशंट नंबर लावून बसले होते. बाहेर कुणीतरी मासिकाचं पान उलटता उलटता थांबलं, ते आतपर्यंत कळलं.

हा सगळा प्रकार समजायला डॉक्टरांचा छंद माहीत हवा. डॉक्टरांना तयार वस्तू विकत आणणं म्हणजे हार मानणं वाटायचं. बायकोनं लग्नानंतर हॉलमधून हद्दपार केलेले त्यांचे थोरले स्पीकर बारा वर्षं माळ्यावर पडून होते. मग त्यांना इंटरनेटवर एक प्रणाली सापडली. जगभरातल्या हौशी मंडळींनी मिळून ती लिहिलेली, सगळ्यांना मोकळी, कुणीही आत डोकावावं, हवं ते बदलावं. तळहाताएवढा एक कॉम्प्युटर घ्यायचा, त्यात ती भरायची, स्पीकरला जोडायचा, की फोनमधलं गाणं वायरीशिवाय थेट स्पीकरवर.

"बाजारात तयार मिळत नाही का?" बायकोनं विचारलं होतं.

"मिळतं. पण कंपनी बंद पडली की ती वस्तू मेली. ही तशी नाही. ही उघडी आहे."

"उघडी आहे?" स्वयंपाकघरातून सासूबाई म्हणाल्या होत्या. "मग वरून फडकं टाका हो डॉक्टर, धूळ बसेल."

सासूबाई सहा महिन्यांपूर्वी मुलीकडे राहायला आल्या होत्या. घर वर, दवाखाना खाली. मुलगी सकाळी नऊला नकाशे काढणाऱ्या कचेरीत जायची, जावई साडेनऊला खाली उतरायचा. त्यांना दिवसभर सोबत व्हावी म्हणून डॉक्टरांनी दोन आठवडे खपून पहिली पेटी स्वयंपाकघरासाठी केली. दातांची मापं घ्यायच्या साच्यांच्या रिकाम्या डब्यात ती एका छोट्या स्पीकरसकट बरोब्बर बसली. सासूबाईंना फोनवरची खूण दाखवली, ती दाबली की फोनचा आवाज पेटीतून. पहिली पेटी इतकी झकास चालली की डॉक्टरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. रविवारी त्यांनी दुसरी केली, दवाखान्यासाठी, आणि माळ्यावरचे थोरले स्पीकर तिला जोडले. मेहनत वाचावी म्हणून पहिल्या पेटीतलं मेमरी कार्ड जसंच्या तसं दुसऱ्यात उतरवलं. सगळं उतरलं. नावसुद्धा. आता घरात दोन पेट्या होत्या आणि दोघींचं नाव "घर-संगीत".

मावशींनी बोलून पाठवलेला निरोप सासूबाई आधी फोनवर आणि मग पेटीवर पुन्हा ऐकायच्या. सोमवारी सकाळी तो पेटीवर लावताना फोनवर एकाखाली एक दोन "घर-संगीत" दिसली. त्यांनी वरचं दाबलं.

"सिस्टर!" डॉक्टर मान न वळवता ओरडले. "ते बंद करा!"

सिस्टर म्हणजे पंधरा वर्षं दवाखाना सांभाळणाऱ्या बाई. त्यांनी दारातून डोकं आत घातलं. "कुठून बंद करायचं सर?"

"प्लग काढा!"

"प्लग कपाटामागे आहे. वायर दिसायला नको म्हणून तुम्हीच कपाट सरकवलंत ना काल."

कपाट लोखंडी होतं आणि डॉक्टरांना जागचं हलता येत नव्हतं. खुर्चीत मोटार चालवायला शिकवणारे मास्तर होते. त्यांच्या वरच्या दातांचं माप घेणं चाललं होतं. मसाला घट्ट व्हायला तीन मिनिटं लागतात आणि तोवर साचा हलता कामा नये. दीड मिनिट झालं होतं.

वर स्वयंपाकघरात सासूबाईंनी उत्तर पाठवलं. उत्तर पाठवलं की ते एकदा स्वतः ऐकून बघायची त्यांची पद्धत होती. नीट गेलं की नाही, कळायला नको?

"कळू देते होय?" आता भिंतीतून सासूबाई बोलल्या. "मी भाजी आणायला म्हणून निघते आणि तशीच पुढे जाते. डॉक्टर स्वभावानं चांगले आहेत गं. हातही हलका आहे म्हणतात. पण कवळी काढून, बोळकं उघडून जावयापुढं बसायचं? त्यापेक्षा मी आयुष्यभर पातळ खाईन."

बाहेर एक बाई खुदकन हसली. मग दुसरं कुणीतरी. मोटार-मास्तर रस्त्यावर कितीही प्रसंग आला तरी न हलणारे गृहस्थ होते, पण त्यांचं पोट हलू लागलं, मग खांदे, आणि शेवटी साचा. पाच सेकंदांत वरच्या दातांचं माप असं काही उमटलं, की त्यावरून कवळी केली असती तर ती घोड्याला बसली असती.

"सॉरी डॉक्टर," तोंड मोकळं झाल्यावर मास्तर म्हणाले. "उद्या परत येतो. आनंदानं येतो."

डॉक्टर दोन दोन पायऱ्या चढत वर गेले. सासूबाई पेटीला कान लावून उभ्या होत्या.

"बरं झालं आलात. तुमची पेटी आज मुकी झाली बघा. आवाज पूर्ण वाढवला तरी चूं नाही. शेवटी मी फोनच कानाला लावला, तर तोही गप्प. उत्तर गेल्याचं फोनवरच्या खुणेवरून कळलं फक्त."

सांगायची हीच वेळ होती. डॉक्टरांनी तोंड उघडलं. सासूबाईंनी विश्वासानं वर पाहिलं. डॉक्टरांनी तोंड मिटलं. "बघतो," म्हणाले, आणि खाली येऊन बायकोला फोन लावला.

"आई दुसरीकडे जाते?" बायको आधी त्यावरच अडकली. "आणि तुझ्या पेशंटनी ऐकलं?"

"पाचजणांनी. एक पोस्टातल्या बाई आहेत."

"मग गावानं ऐकलं म्हण. हे बघ, तिला काही सांगू नकोस. चार परक्या माणसांत आपलं बोळकं निघालं हे कळलं तर ती आजच बॅग भरेल. तू मुकाट्यानं ते यंत्र दुरुस्त कर."

दुपारी डॉक्टरांनी सिस्टरांच्या मदतीनं कपाट ओढलं, प्लग समोर आणला आणि पेट्यांना वेगळी नावं द्यायला बसले. दवाखान्यातच बसले होते, म्हणून लॅपटॉपवर "घर-संगीत" म्हटल्यावर उत्तर दवाखान्याची पेटीच देणार, हे त्यांनी गृहीत धरलं. पण उत्तर दिलं वरच्या पेटीनं. डॉक्टरांनी मोठ्या समाधानानं तिचं नाव "दवाखाना" ठेवलं. मग राहिली ती "स्वयंपाकघर". वाजवून बघणार इतक्यात सुजलेला गाल घेऊन कुणीतरी आलं आणि ते राहूनच गेलं. जाता जाता वर सांगितलं, "आई, उद्यापासून फक्त 'स्वयंपाकघर' दाबायचं."

"तेच दाबीन," सासूबाई म्हणाल्या. त्या सांगितलेलं अचूक करणाऱ्या होत्या.

मंगळवारी सव्वादहाला बाहेर सातजण होते. मोटार-मास्तर बायकोला घेऊन आले होते. पोस्टातल्या बाईंची दाढ कालच भरून झाली होती, तरी त्या "सहज, बरी आहे का बघायला" आल्या होत्या. डॉक्टरांनी त्यांच्याच दाढेत आरसा घातला होता, तेवढ्यात भिंत बोलली.

"ताई, मग रविवारी मी तुला न्यायला येते," मावशी म्हणाल्या. "सामान फार घेऊ नकोस. आणि घरात सांगून टाक आता."

कुणी हसलं नाही. थोड्या वेळानं सासूबाईंचा आवाज आला. कालच्यापेक्षा हळू होता, पण स्पीकर थोरले होते.

"सांगायचा धीर होत नाही गं. दोघं जीव लावतात. कशाला काही कमी नाही. पण सकाळी नऊ ते संध्याकाळी सात मी या भिंतींशी काय बोलू? डॉक्टरांनी माझ्यासाठी पेटी केली. डोळे फोडून बारीक बारीक तारा जोडत बसायचे. गाणी लावतात आणि खाली जातात. मला गाणी नकोत गं, माणूस पाहिजे. पण तसं म्हटलं तर केवढा हिरमोड होईल त्यांचा. तेव्हा मी आपली गाणी आवडतात म्हणते."

डॉक्टरांच्या हातातला आरसा पोस्टातल्या बाईंच्या दाढेवर तसाच टेकलेला राहिला. बाईंनी शेवटी तो त्यांच्या हातासकट हळूच बाहेर काढला.

"डॉक्टर, त्यांना जाऊ देऊ नका," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी जाऊन प्लग काढला. नावांची उलटापालट एव्हाना त्यांच्या लक्षात आली होती, पण पुन्हा नावं बदलायला बसायचा त्यांना धीर होईना. दिवसभर ते पेशंटशी कामापुरतं बोलले. दोन आठवडे. दोन आठवड्यांत रोज दहा मिनिटं आईंपाशी बसलो असतो तर? तारा जोडणं त्यांना जमायचं. बसणं कधी सुचलंच नव्हतं.

संध्याकाळी बायकोनं ऐकून घेतलं आणि ती गॅलरीतले कपडे काढायला लागली. मग म्हणाली, "मला वाटायचं, तिला शांतता हवी असेल." आणि थोड्या वेळानं, "आपण ऐकलंय हे न सांगता काहीतरी करायचं. तू मधे वर जाऊन बसत जा. मी चार दिवस लवकर येते."

बुधवारी अकरा वाजता डॉक्टर वर गेले आणि स्वयंपाकघरात खुर्ची ओढून बसले. सासूबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

"काय झालं? बरं नाही का?"

"बरं आहे. चहा घ्यावा म्हटलं."

"आत्ता? आणि पेशंट?"

खाली नऊ माणसं बसली होती. पण नऊ माणसं सोडून कुणी चहाला येत नाही, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "फारसे नाहीत हल्ली."

सासूबाईंनी चहा ठेवला. दोघं समोरासमोर बसले. बारा-तेरा वर्षांच्या ओळखीत दोघंच असे पहिल्यांदाच बसले असतील. काय बोलावं कळेना, म्हणून डॉक्टरांनी विचारलं, "आई, तुम्ही नोकरीत नक्की काय काम करायचात?"

"टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते. तीस वर्षं." आणि मग सासूबाई बोलू लागल्या. कानाला हेडफोन, समोर भोकांची पाटी, हातात दोऱ्या. एकदा एका बाईला बाळ झालेलं आणि नवरा बोटीवर; त्याच्यापर्यंत निरोप पोचवायला यांनी सहा एक्स्चेंज जोडत नेली. "सगळी लाइन माझ्या हातात, पण मुलगा झाला की मुलगी, मला माहीत नाही. जोडून दिलं की आपण कान काढायचा. आमचा पहिला नियम तो. दुसऱ्याचं बोलणं ऐकायचं नाही."

डॉक्टरांना चहाचा ठसका लागला.

गुरुवारी ते पुन्हा गेले. आता ते आईंसाठी जात होते की गोष्टींसाठी, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. शुक्रवारी तर पाऊण तास उठलेच नाहीत. सासूबाई मात्र रोज जास्तच काळजीत दिसत होत्या. मधेच विचारायच्या, "आजही कुणी नाही?" आणि डॉक्टर रोज म्हणायचे, "तुरळक."

त्या पाऊण तासात खाली सिस्टरांवर बिकट प्रसंग ओढवला होता. बाकं भरलेली, डॉक्टर वर, आणि जो तो विचारत होता, "आज ते लागणार नाही का?" सिस्टर पंधरा वर्षं नियमानं वागलेल्या होत्या. त्यांनी मनाशी म्हटलं, निदान गाणी तरी लावावीत. आणि प्लग लावला.

डॉक्टर खाली आले, हात धुऊन मोटार-मास्तरांचा साचा तिसऱ्यांदा तोंडात बसवला, आणि वर सासूबाईंच्या फोनवर "स्वयंपाकघर" पुन्हा उगवलं.

त्या निरोप बोलल्या, पाठवला आणि सवयीप्रमाणे ऐकायला लावला. पेटीतून काही येईना. त्या पेटीच्या भानगडीत पडल्या नाहीत, कारण त्यांना घाई होती. त्यांनी बाहेरची साडी नीट केली, हातात पर्स घेतली आणि फोन तसाच घेऊन जिना उतरल्या. त्या दवाखान्याच्या दारात पोचल्या तेव्हा आत त्या आधीच बोलत होत्या.

"रविवारी मला न्यायला येऊ नकोस गं. इथं अवघड झालंय. डॉक्टरांचा दवाखाना बसला. बिचारे तास-तास वर येऊन बसतात, चहा पितात, माझ्या एक्स्चेंजच्या गोष्टी ऐकतात. माणसाला काम नसलं की असं होतं. मला बोलून दाखवत नाहीत, पण चेहरा उतरलेला असतो. अशा वेळी यांना सोडून मी येऊ कशी? मी ठरवलंय, रोज खाली जाऊन बाकावर बसायचं. रस्त्यावरून बघणाऱ्याला निदान एक तरी माणूस दिसेल."

सासूबाईंनी दारातूनच खोली बघितली. बाकं भरली होती. खुर्च्या भरल्या होत्या. दोघंजण खिडकीच्या कट्ट्यावर टेकले होते. एकूण सोळा माणसं मान वर करून स्पीकरकडे बघत होती. आधी पोस्टातल्या बाईंनी त्यांना पाहिलं, मग एकेक करून सगळ्यांनी, आणि सोळाच्या सोळा माणसं आपापल्या चपला न्याहाळू लागली.

सासूबाईंनी निरोप संपेपर्यंत ऐकला.

"नीट गेलाय," त्या म्हणाल्या. मग सिस्टरांकडे वळल्या. "कधीपासून?"

"सोमवारपासून," सिस्टर पुटपुटल्या.

"म्हणजे ते बोळक्याचंही?"

"ते पहिल्याच दिवशी," कट्ट्यावरून कुणीतरी खरं ते सांगून टाकलं.

डॉक्टर आतल्या दारात येऊन उभे होते. हातात मोजे, मोज्यांना मसाला. "आई, चूक माझी आहे. दोन्ही पेट्यांना एकच नाव पडलं, मग मी बदलायला गेलो आणि…"

"तीस वर्षांत माझ्या हातून राँग नंबर लागला नाही असं नाही," सासूबाई म्हणाल्या. "लागला की माफी मागून तोडायचा असतो. पाच दिवस माणसं जमवून ऐकायचा नसतो."

आतून मोटार-मास्तरांचा नाकानं चाललेला श्वास तेवढा ऐकू येत होता.

"आजी, आमचं चुकलं," पोस्टातल्या बाई उठून म्हणाल्या. "पण तुम्ही जाऊ नका. इथं बसा." आणि त्यांनी बाकावरची आपली जागा रुमालानं पुसली.

सासूबाई बसल्या नाहीत. त्या माणसं मोजत होत्या. "हे सगळे पेशंट आहेत?"

"सगळे नाहीत," सिस्टर म्हणाल्या. "नऊ आहेत. बाकीचे तुमचे."

"आणि तुम्ही म्हणालात पेशंट नाहीत," त्या डॉक्टरांना म्हणाल्या.

"खोटं बोललो."

"का?"

डॉक्टरांनी खाली बघितलं. एखाद्या मुलानं द्यावं तसं त्यांनी उत्तर दिलं. "तुमच्याशी बोलत बसायचं होतं. पण कसं बसतात ते माहीत नव्हतं."

सासूबाईंनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. पुसायला जरा जास्तच वेळ लागला. मग त्या बाकावर बसल्या, पर्स मांडीवर घेतली आणि शेजारच्या बाईंना म्हणाल्या, "हं. तुमची कुठली दाढ?"

थोड्या वेळानं धीर करून डॉक्टर म्हणाले, "आई, आता लपवण्यासारखं तर काही राहिलं नाही. आत या, एकदा मीच बघतो."

"छे! आज चार वाजता त्या डॉक्टरीणबाईंची वेळ आहे. दिलेली वेळ मी मोडत नाही." सगळ्या खोलीनं माना डोलावल्या. आतून खुर्चीवरून "अं! अं!" असा आवाज आला. मसाला तीन मिनिटांऐवजी अकरा मिनिटं तोंडात राहिला होता, आणि मास्तरांचं माप त्या दिवशी इतकं सुरेख उमटलं, की डॉक्टरांनी ते उजेडात धरून सगळ्यांना दाखवलं.

रविवारी ठरल्याप्रमाणे मावशी आल्या. निरोप मिळूनही आल्या, कारण त्यांना समक्ष बघायचं होतं. ताई येत नाही हे नक्की झाल्यावर त्यांनी आपलीच बॅग उघडली. "दोन दिवस राहते," म्हणाल्या, आणि तिसरा आठवडा उजाडला तरी बॅग पुन्हा भरायचं नाव नव्हतं.

अशाच एका सकाळी सिस्टर आत आल्या आणि कुजबुजल्या, "सर, पेटी चालू राहिली वाटतं. वरचं सगळं ऐकू येतंय."

डॉक्टरांनी खण उघडला. दोन्ही पेट्या आत शेजारी शेजारी पडल्या होत्या, वायरी गुंडाळलेल्या, प्लग वर आलेले. त्यांनी मान वळवून जिन्याकडचं दार बघितलं. ते लागलेलं होतं.

"डॉक्टर!" त्या बंद दारातून, स्वयंपाकघरातून, दोन बहिणींचा एकत्र आवाज आला. "अकरा वाजले! चहा निवतोय!"

डॉक्टरांनी खुर्चीतल्या पेशंटकडे बघितलं. पेशंटचं तोंड कापसानं भरलेलं होतं. त्यानं हात वर केला आणि बोटानं जिना दाखवला.